पैजेची वही

ब्रिटनमध्ये अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही व्हिडिओ गेमच्या सामन्यांवर कायदेशीर पैज लावता येते. माझा मुलगा अठराचा झाला आणि हा विषय आमच्या घरात आला. तो शाळेत असल्यापासून काउंटर-स्ट्राइक खेळतो. खेळण्यापेक्षाही जास्त तो मोठ्या टीमचे सामने बघतो. कोणत्या टीमने कोणता खेळाडू घेतला, कोण कुठल्या मॅपवर, म्हणजे खेळातल्या मैदानावर, कच्चं आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. एका रात्री जेवताना त्याने सरळ विचारलं, "आई, मला यातलं एवढं कळतं. मग मी त्यावर थोडे पैसे लावले तर?"

त्याने चोरून न करता विचारलं, याचं मला बरं वाटलं. नुसतं 'नाही' म्हणून विषय मिटवायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे माझा पेशा. मी लंडनमध्ये विमा कंपनीत प्रीमियम ठरवण्याचं काम करते. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती आणि त्याची किंमत किती लावायची, हेच माझं रोजचं काम. दुसरं कारण माझ्या लहानपणातलं आहे.

मी परळच्या चाळीत वाढले. मटक्याबद्दल मोठी माणसं दबक्या आवाजात बोलत, पण ओपन, क्लोज, आकडा हे शब्द रोज कानावर पडत. कोपऱ्यावरच्या टपरीवर चिठ्ठ्या लिहिल्या जात. वडील गिरणीत होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर चाळीतल्या कितीतरी घरांतला पैसा आटला, तरी आकडा लावणं काही थांबलं नाही. शून्य ते नऊ असे दहा आकडे, आणि आकडा लागला तर एकाला नऊ. शाळेत टक्केवारी शिकल्यावर मी हे गणित वडिलांना मांडून दाखवलं. दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जमतात आणि वाटले जातात नऊ. उरलेला रुपया चालवणाऱ्याचा, कुठलाही आकडा आला तरी. वडील म्हणाले, "हे सगळ्यांना माहीत आहे गं. प्रत्येकाला वाटतं, हे गणित दुसऱ्यांसाठी आहे."

वडिलांचं ते वाक्य मी मुलाला सांगितलं आणि तीन अटी घातल्या. पहिले काही महिने सगळ्या पैजा फक्त वहीत लिहायच्या, पैसे लावायचे नाहीत. पुढे पैसे लावायचेच झाले तर करमणुकीचे म्हणून वेगळे काढलेले दोनशे पौंड, आणि ते संपले की विषय संपला. तिसरी अट, वही दोघांनी बघायची. त्याने मान्य केलं. २०२४ च्या शरद ऋतूपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही मायलेक ही वही लिहीत होतो. त्यातून जे शिकले, ते इथे मांडते आहे.

पहिला धडा भाव वाचण्याचा होता. समजा एका सामन्यात पहिल्या टीमचा भाव १.५० आहे आणि दुसरीचा २.५०. म्हणजे पहिलीवर एक पौंड लावला आणि ती जिंकली तर आपल्या पौंडासकट दीड पौंड परत मिळतो, दुसरी जिंकली तर अडीच. मुलगा हे भाव बघून म्हणे, "पहिली जिंकणार, सोपं आहे." मी त्याला प्रत्येक भावाची टक्केवारी काढायला लावली. एकाला भावाने भागायचं. १.५० म्हणजे ६६.७ टक्के, २.५० म्हणजे ४० टक्के. बेरीज १०६.७. सामना तर कुणीतरी एकच जिंकणार, मग शंभराच्या वरचे ६.७ आले कुठून? तोच बुकीचा वाटा. मटक्यात तो दहातला एक रुपया होता, इथे तो दोन भावांत विरघळवून टाकलेला असतो, म्हणून दिसत नाही. तो काढून टाकला तर या भावांचा खरा अर्थ निघतो ६२.५ आणि ३७.५ टक्के.

मुलाला त्या संध्याकाळी एक गोष्ट नीट कळली. पहिली टीम जिंकणार हे त्याचं मत कदाचित बरोबर असेल, पण १.५० या भावाने पैसे राखायचे तर तिने तीनपैकी दोन सामने जिंकले पाहिजेत. ती तेवढी वरचढ आहे का, हा खरा प्रश्न. कोण जिंकेल हे सांगणारे लाखो प्रेक्षक आहेत. भाव चुकलाय का, हे सांगणं फार अवघड. मी त्याला म्हटलं, मंडईत आपण भाजी चांगली आहे का हे तर बघतोच, पण चांगली भाजी दुप्पट दराने कुणी घेत नाही ना?

म्हणून वहीत एक नियम केला. भाव बघण्याआधी आपला अंदाज टक्क्यांत लिहायचा आणि त्याच्यापुढे एका वाक्यात कारण. आधी भाव बघितला की मन नकळत त्याच्याजवळ जातं आणि मग आपण स्वतःचा अंदाज म्हणून बुकीचाच अंदाज लिहितो. प्रीमियम ठरवतानाही आम्ही बाजारातला दर शेवटी बघतो. वहीचे रकाने असे होते: सामना, आमचा अंदाज, कारण, मिळालेला भाव, सामना सुरू होतानाचा भाव, निकाल. अंदाज आणि भाव यांत ठळक फरक असेल तरच पैज. नाहीतर रकान्यात 'नाही' असं लिहायचं. वहीभर बहुतेक ओळींत 'नाही' हाच शब्द आहे.

कारणं लिहायला लागल्यावर त्याचं खेळाचं ज्ञान खऱ्या अर्थाने कामाला आलं. काउंटर-स्ट्राइकचे बहुतेक महत्त्वाचे सामने तीनपैकी दोन मॅप जिंकण्याचे असतात. स्पर्धेत एका वेळी सात मॅप चालू असतात. आधी दोन्ही टीम एकेक मॅप बाद करतात, मग एकेक निवडतात, पुन्हा एकेक बाद करतात, आणि उरलेला सातवा मॅप निर्णायक ठरतो. न्यूक, इन्फर्नो, मिराज, एन्शंट ही नुसती नावं वाटली तरी प्रत्येक टीमचा एखादा हक्काचा मॅप असतो आणि एखादा ती कधीच खेळत नाही. दोन टीमची एकूण ताकद सारखी असली तरी एकीच्या हुकमी मॅपवर दुसरी नेहमी अडखळत असेल, तर सामन्याचं चित्र बदलतं. मुलगा मॅप कसे निवडले जातील ते आधी लिहून काढायचा. हे तो इतक्या बारकाईने करायचा, की मला नवल वाटायचं. परीक्षेच्या अभ्यासातही मी त्याला एवढा नेटाने बसलेला पाहिला नव्हता.

सामन्याची लांबी किती महत्त्वाची, हे मी त्याला गणिताने दाखवलं. एखादी टीम प्रत्येक मॅप जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरू. एकाच मॅपचा सामना असेल तर तिची शक्यता ६० टक्केच. तीनपैकी दोनचा सामना असेल तर ती जवळपास ६५ होते, पाचपैकी तीनचा असेल तर ६८. सामना जितका लांब, तितकी बलवान टीम सुरक्षित. म्हणून कमकुवत मानलेल्या टीमवर विश्वास असेल तर छोटा सामना बघायचा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काउंटर-स्ट्राइक २ आलं आणि मॅप जिंकण्यासाठी सोळाऐवजी तेरा राउंड पुरेसे झाले. खेळ आखूड झाला, म्हणजे योगायोगाला थोडी जास्त जागा मिळाली. जुन्या नियमांखालचे आकडे पुढे ओढत बसणाऱ्यांना हे ध्यानात घ्यावं लागलं. खेळाडू बदलला, प्रशिक्षक बदलला, खेळाची नवी आवृत्ती आली, की जुन्या आकडेवारीचं वजन कमी करायचं, ही ओळ आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिली.

त्याच पानावर दुसरी ओळ होती: आवडत्या टीमवर पैज नाही. मुलगा फेझ या टीमचा चाहता. डिसेंबर २०२४ मध्ये शांघायला झालेल्या मेजर या काउंटर-स्ट्राइकच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत फेझ अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि स्पिरिटकडून १-२ अशी हरली. स्पिरिटकडे डाँक नावाचा सतरा वर्षांचा खेळाडू होता, स्पर्धेतला सर्वोत्तम तोच ठरला. त्या दिवशी मुलाचा अंदाज आणि मुलाची इच्छा यांना वेगळं करणं कुणालाच जमलं नसतं. पैज नव्हती म्हणून त्याने तो सामना मनापासून बघितला, हरल्यावर मनापासून हळहळला, आणि जेवायला आला.

वहीने आणखी एक गोष्ट उघड केली. काही महिन्यांनी आम्ही त्याचे अंदाज गटागटाने तपासले. जिथे त्याने साठ टक्के लिहिलं होतं, तिथे निकाल साधारण तसेच होते. पण जिथे तो ठासून ऐंशी टक्के म्हणाला होता, तिथे टीम तीनपैकी दोनदाच जिंकली होती. खात्री जितकी जास्त, तितका अंदाज फुगलेला. हे फक्त त्याचं नाही, बहुतेक माणसांचं असंच असतं. वही नसती तर त्याला बरोबर आलेले अंदाज तेवढे आठवले असते. त्यानंतर तो ऐंशी लिहिण्याआधी थांबायला लागला, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगातली त्याची ही सर्वांत मोठी कमाई.

वसंतात आम्ही खरे पैसे लावायला सुरुवात केली. एका पैजेवर किती लावायचे, याला एक जुनं सूत्र आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले जॉन केली यांनी १९५६ मध्ये ते मांडलं. भाव २.५० आहे आणि आपला अंदाज ४५ टक्के आहे असं धरलं, तर केलींच्या सूत्राने जवळच्या रकमेच्या ८.३ टक्के लावावेत. पण हे सूत्र आपला अंदाज अचूक आहे असं धरून चालतं, आणि आमच्या अंदाजांची अचूकता तर वहीत दिसलीच होती. म्हणून आम्ही चौथा हिस्सा धरला, म्हणजे दोन टक्के. दोनशे पौंडांत चार पौंड. मुलाला ते फार थोडे वाटले. मी त्याला कागदावर दुसरं गणित करून दाखवलं. नाणं शंभर वेळा उडवलं तर त्यात कुठेतरी सलग सहा वेळा उलटं पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. म्हणजे शंभर पैजा लावणाऱ्याला सलग सहा पराभव भेटणारच असं धरून चालावं. प्रत्येक पैज रकमेच्या पाचव्या हिस्स्याची असेल, तर सहा पराभवांनंतर सुरुवातीच्या रकमेपैकी चौथा हिस्सासुद्धा जेमतेम उरतो. दोन टक्क्यांची असेल तर दहापैकी जवळपास नऊ हिस्से हातात राहतात. सलग हरणं हे नशीब फिरल्याचं लक्षण नसतं आणि आता जिंकायची पाळी आली असंही त्यातून निघत नाही. नाण्याला मागचं काही आठवत नाही.

हरल्यावर लगेच दुप्पट लावून भरून काढायचा मोह सगळ्यांत घातक. त्यासाठी आमचा नियम साधा होता: दिवसातून एकच पैज, आणि ती सामन्याच्या आधी. खात्यावर महिन्याला किती पैसे भरता येतील याची मर्यादा पहिल्याच दिवशी घातली होती. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळता येत नाही, हाही शहाणपणाचा नियम. उधारीच्या पैशाने लावलेली पैज डोकं ठिकाणावर ठेवून लावता येतच नाही.

एकत्र पैजांचं आकर्षणही त्याला होतं. चार सामन्यांचे निकाल एकत्र बांधायचे, चारही बरोबर आले तर मोठी रक्कम. बेटिंग ॲपवर हीच पैज सर्वांत वर, रंगीत अक्षरांत असते. मी त्याला म्हटलं, वर का असते ते काढून बघ. आमच्या मघाच्या भावांत बुकी प्रत्येक पौंडामागे सव्वासहा पेन्स आपल्याकडे ठेवतो, म्हणजे सरासरीने जवळपास ९४ पेन्स परत येतात. चार सामने बांधले की हा वाटा चार वेळा कापला जातो, आणि पौंडामागे परत येतात सरासरी ७७ पेन्स. मटका चालवणाऱ्याला दहा टक्के पुरत होते. इथे माणूस हसत हसत तेवीस देतो.

सामना चालू असताना लावायच्या पैजांपासूनही आम्ही लांब राहिलो. आपण घरी बघतो ते प्रक्षेपण काही सेकंद, कधी त्याहून जास्त उशिराने येतं. ज्यांना थेट माहिती मिळते त्यांच्या दृष्टीने आपण भूतकाळ बघत असतो. शिवाय त्या क्षणी डोकं तापलेलं असतं. २ नोव्हेंबर २०२४ ला लंडनच्या ओटू अरीनामध्ये लीग ऑफ लीजंड्स या दुसऱ्या गेमच्या विश्वस्पर्धेचा अंतिम सामना होता, दक्षिण कोरियाची टी-वन विरुद्ध चीनची बिलिबिली गेमिंग. मी मुलाबरोबर गेले होते. टी-वन १-२ अशी मागे पडली तेव्हा आजूबाजूला सगळे उभे होते आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या एका मुलाने मोबाइल काढून पैज लावली. माझा मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, टी-वनकडे फेकर आहे, उलटवणार." मी विचारलं, "टक्के सांग." तो क्षणभर थांबला. दोन्ही टीम सारख्या धरल्या तर उरलेले दोन्ही गेम जिंकायची शक्यता पंचवीस टक्के. टी-वनला थोडं झुकतं माप दिलं तरी तीसच्या आसपास. टी-वनने दोन्ही गेम जिंकले, ३-२ ने विश्वस्पर्धा जिंकली, फेकर अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परतताना ट्रेनमध्ये मुलगा म्हणाला, "मी म्हटलं होतं ना!" मी म्हटलं, "तू बरोबर म्हटलं होतंस, आणि तीस टक्क्यांची गोष्ट दहातून तीनदा घडतेच." एका निकालावरून निर्णय चांगला होता की वाईट, हे ठरत नाही. हे वाक्य तो विसरला नाही.

मोठ्या उलथापालथी या खेळांत होतातच. २०२२ ला लीग ऑफ लीजंड्समध्ये डीआरएक्स ही कोरियन टीम पात्रता फेरीपासून खेळत येऊन विश्वविजेती झाली. काउंटर-स्ट्राइकच्या २०२३ च्या पॅरिस मेजरमध्ये गेमरलीजन ही टीम अंतिम सामन्यात पोचली. या गोष्टी ऐकल्या की प्रत्येकाला पुढची डीआरएक्स शोधावीशी वाटते. पण त्या आठवतात त्या दुर्मीळ म्हणूनच. उलट बाजूही तितकीच फसवी. सतत जिंकणाऱ्या टीमचा भाव १.१२ वर येतो आणि लोक तो हक्काचा पैसा समजतात. १.१२ म्हणजे ८९ टक्के. दहातून नऊदा जिंकणारी टीमसुद्धा या भावाने पदरात फारसं काही टाकत नाही. जून २०२५ मध्ये ऑस्टिनच्या मेजरचा अंतिम सामना बलाढ्य व्हिटॅलिटीनेच जिंकला, पण मंगोलियाच्या मंगोल्झने एक मॅप काढलाच.

लहान स्पर्धांवर पैज लावायची नाही, हा नियम मी घातला, आणि त्यामागचं कारण गणिताबाहेरचं आहे. जिथे खेळाडूंना मानधन तुटपुंजं आणि पैजांची उलाढाल मोठी, तिथे सामना विकला जाण्याचा धोका असतो. दक्षिण कोरियात २०१० मध्ये स्टारक्राफ्ट या गेमच्या नामवंत खेळाडूंवर सामने ठरवून हरल्याचे आरोप सिद्ध झाले आणि अख्ख्या खेळावरचा लोकांचा विश्वास हलला. अमेरिकेतल्या आयबायपॉवर या टीमने २०१४ मध्ये एक सामना मुद्दाम सोडला. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये त्यात गुंतलेल्या खेळाडूंवर बंदी घातली. तो सामना पैशांवर नव्हे, खेळातल्या बंदुकांच्या रंगीत स्किनवर लागलेल्या पैजांसाठी सोडला होता.

या स्किनची गोष्ट प्रत्येक पालकाने समजून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. २०१३ मध्ये काउंटर-स्ट्राइकमध्ये या स्किन आल्या. त्यांची देवाणघेवाण होऊ लागली, त्यांना बाजारभाव आला, आणि बघता बघता त्या जुगारातल्या नाण्यांसारख्या वापरल्या जाऊ लागल्या. बँक खातं नाही, वय विचारणारं कुणी नाही. २०१६ च्या जुलैत व्हॉल्व्हने अशा संकेतस्थळांना नोटिसा धाडल्या, पण तोवर कितीतरी शाळकरी मुलांनी जुगाराची चव घेतली होती. २०१७ मध्ये बर्मिंगहॅमच्या न्यायालयात फिफा या खेळातल्या आभासी नाण्यांवर पैजा घेणाऱ्या दोघांना दंड झाला. तिथेही लहान मुलं पैजा लावत होती. मुलगा अठराचा होण्याची वाट बघून हा विषय काढावा असं मानलं, तर खूप उशीर झालेला असतो. मुलगा बारा-तेराचा असताना मी त्याच्याकडून स्किनचा सगळा व्यवहार समजून घेतला होता, म्हणून पुढे तो माझ्याकडे मोकळेपणाने आला.

आता वहीच्या हिशोबाकडे येते. आपण खरंच हुशार आहोत की नशीबवान, हे जिंकलेल्या पैशांवरून लवकर कळत नाही. नुसतं नाणं उडवून शंभर पैजा लावणाऱ्यांपैकी दर पाच-सहा जणांतला एक पंचावन्न किंवा जास्त पैजा जिंकतो आणि स्वतःला जाणकार समजतो. म्हणून आम्ही एक रकाना जास्त महत्त्वाचा मानला: आम्हाला मिळालेला भाव आणि सामना सुरू होतानाचा भाव. सामन्यापर्यंत खेळाडूंच्या, मॅपच्या बातम्या आणि मोठ्या पैजा लावणाऱ्यांचे पैसे भावात उतरलेले असतात. तो शेवटचा भाव सहसा खऱ्या शक्यतेच्या सर्वांत जवळ असतो. आपण २.५० ने घेतलं आणि शेवटी भाव २.२० झाला, तर ती पैज हरली तरी निर्णय चांगला होता. हे पुन्हापुन्हा उलटं घडत असेल, तर जिंकलेले पैसेही परत जाणार हे नक्की.

आमच्या वहीत हा रकाना बोलका निघाला. मॅपच्या निवडीवर आधारलेल्या पैजांत मुलगा शेवटच्या भावापेक्षा सातत्याने बरा भाव मिळवत होता. बाकी सगळ्या पैजांत आम्ही बाजारापेक्षा हुशार नव्हतो. मग आम्ही बाकी सगळं बंद केलं आणि फक्त मॅपच्या पैजा ठेवल्या. दोनशे पौंडांत थोडी भर पडली. आणि मग एका सकाळी कंपनीने त्याच्या खात्यावर पैजेची कमाल रक्कम काही पेन्सवर आणून ठेवली, कारण न देता. हरणाऱ्याला रोज बोनसचे मेसेज पाठवणारी कंपनी भाव नीट वाचणाऱ्याला दारातच थांबवते, हे मुलाने स्वतः अनुभवलं. माझ्या सांगण्याने ते त्याला इतकं खोल पटलं नसतं.

तिथे मी थांबले. मी तासांचा हिशोब मांडला. एका पैजेमागे आमचा जेवढा वेळ गेला, त्या मानाने मिळकत कुठल्याही दुकानातल्या अर्धवेळ कामापेक्षा फार कमी होती. मुलाचं मत थोडं वेगळं आहे. त्याला अभ्यासाचीच गोडी लागली आहे. मोठ्या स्पर्धांच्या वेळी तो सिनेमाला जाईल तेवढे पैसे बाजूला काढतो, मर्यादा पाळतो आणि वही लिहितो. विद्यापीठात संख्याशास्त्राचा विषय त्याने यातूनच घेतला. तो सज्ञान आहे. वही अजूनही तो आपणहून दाखवतो, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

गेल्या वर्षी पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मावशी, दादा तिकडे लावतो ना? मलाही शिकव." त्याला मी सगळं सांगितलं, आणि आधी कायदा सांगितला. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवायला त्याने बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता आहे. शिक्षा नाही म्हणून परदेशी ॲपवर पैसे टाकणाऱ्याला मी वेडा म्हणेन. पैसे अडकले तर दाद मागायला कुठलं दार नाही, वय तपासणारं कुणी नाही, मर्यादा घालायची सोय नाही. इथे ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप या सेवेवर एकदा नाव नोंदवलं की परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांची दारं बंद होतात. तिथे असं काही नाही. भारतात यातली सर्वांत शहाणी पैज शून्य रुपयांची, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

पण वही मात्र लिही, असंही सांगितलं. अंदाज आधी, भाव नंतर, कारण एका वाक्यात, आणि महिन्याच्या शेवटी स्वतःच्या ऐंशी टक्क्यांची तपासणी. पैसे न लावता हे सगळं शिकता येतं, आणि ते शेअर घेताना, विमा काढताना, नोकरी बदलतानाही उपयोगी पडतं. आता तो दर रविवारी मला अंदाज पाठवतो. मी ते तपासते.

ज्यांच्या घरी हा विषय खेळाच्या पुढे गेला आहे, त्यांना एवढंच सांगते. हरलेली रक्कम लपवणं, उधार घेणं, हरल्यावर झोप उडणं, खेळ बघण्यातला आनंद जाऊन फक्त निकाल उरणं, यातलं एक जरी दिसलं तरी भाव, टक्के, सूत्रं सगळं बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराचं व्यसन आजारांच्या यादीत घेतलेलं आहे, आणि आजारावर उपचार असतात, उपदेश नव्हे. भारतात टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो. फोन करणाऱ्याने आपल्या शेजारी घरातल्या कुणाला तरी बसवावं. आकड्यांच्या या नादात माणसं सर्वांत आधी एकटी पडतात, आणि घरच्यांना ती लवकर दिसली तर परतही लवकर येतात.